लॅम्ब्रेटाचा स्पेशल टूल सेट: पुलर मस्त, बोल्ट भंगार

घरी पार्किंगमध्ये जुनी लॅम्ब्रेटा स्कूटर उघडायचा विचार असेल तर रंग कुठला मारायचा, क्रोम कोणाकडे करायचं, सीट कोण शिवून देतो हे सगळं नंतर बघा राव, आधी हा टूल सेट हाताशी ठेवा, स्वतःचा नाहीतर मागून आणलेला. मी घेतलाय, पूर्ण इंजिन याच्यावरच खोललंय, आणि एक तुकडा सोडला तर सेट पैसे वसूल आहे. तो एक तुकडा कुठला ते पुढे सांगतो कारण तिथे सांभाळलं नाही तर गाडीचंच नुकसान होतं.

सेट म्हणजे काय तर कापडी पिशवीत पाच-सहा लोखंडी तुकडे, त्यावर ना कंपनीचं नाव ना मॅन्युअल. मॅग्नेट (क्रँकच्या टोकाला बसवलेलं पंख्याचं जड चाक) ओढून काढायचा पुलर, मॅग्नेट धरायचा होल्डर, मागच्या हबचा (ज्यावर मागचं चाक बसतं तो भाग) पुलर, क्लच दाबायचा कॉम्प्रेसर, क्लच धरायचा होल्डर. कुरिअर धरून साधारण चार हजारात पडला. असाच सेट युरोपातून मागवला तर ड्युटी आणि कुरिअर धरून किंमत कुठच्या कुठे जाते, फिनिशिंग चांगलं असतं हे मान्य, पण वर्षातून एकदा वापरायच्या गोष्टीला मी तरी तेवढे घालणार नाही.

आता कोणी म्हणेल, आमचा मिस्त्री तर छिन्नी-हातोड्यावर सगळं काढतो. काढतो ना! माझीच गाडी आधी एकाने तशी काढली होती, मॅग्नेटच्या पंख्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवून नट फिरवला, दोन पाती गेली. तेच मॅग्नेट फिरून इंजिनला हवा मारतं, पाती तुटली की हवा कमी आणि वर बॅलन्स जाऊन इंजिन थरथरतं ते वेगळं. त्यापेक्षा होल्डर लावा, एका हाताने धरा, दुसऱ्या हाताने नट सोडवा, पुलर आट्यांवर पूर्ण बसेपर्यंत फिरवा आणि मग मधला बोल्ट आवळा, मॅग्नेट गपचूप हातात येतं.

या गाडीला साधे पाने का पुरत नाहीत ते एकदा समजून घ्या. वेस्पाची बॉडी म्हणजे पत्र्याचाच सांगाडा, लॅम्ब्रेटाला खाली पाइपची चासी असते आणि इंजिन मधोमध आडवं झोपवलेलं. क्रँकवरून डबल चेन मागे क्लचला जाते आणि ही चेन, क्लच, गिअर सगळे एकाच ऑइलमध्ये, एसएई ९०, एलआय मॉडेलला ७०० मिली. क्रँकच्या दोन बाजूंना दोन ऑइल सील, म्हणजे ऑइल आणि हवा अडवणाऱ्या रबरी रिंगा. चेनच्या बाजूचं सील गेलं की क्रँक गिअरचं ऑइल आत ओढतो आणि मागे असा धूर निघतो की सोसायटीचे सेक्रेटरी गॅलरीत येतात. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर त्याहून वाईट, बाहेरची हवा आत जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे आतच जाम होतो. सील स्वतः वडापाव-कटिंगच्या भावात मिळतं, पण एका बाजूला चेन-क्लच-स्प्रॉकेट काढल्याशिवाय आणि दुसऱ्या बाजूला मॅग्नेट काढल्याशिवाय तिथे हात पोचत नाही, म्हणजे सगळा खेळ या पुलरचा.

आता हब पुलर. माझी गाडी एपीआय (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) कंपनीची एलआय १५०, भांडुपला बनलेली (मी मुलुंडला राहतो, म्हणजे गाडी जन्मगावापासून फार लांब गेली नाही). वर्षानुवर्षं उभी होती त्यामुळे मागचा हब शाफ्टवर असा बसलेला की जणू वेल्डिंग केलंय. नट आधी सोडवायचा आणि तो गाडी चाकावर उभी असतानाच, कारण रिमच्या मधल्या भोकातून नट दिसतो, लॉक वायसरची पाकळी सरळ करायची, घरातल्या कोणालातरी मागच्या ब्रेकवर उभं करायचं आणि लांब दांड्याने जोर द्यायचा. इंजिन खाली उतरवून मग नट सोडवायला बसाल तर इंजिनच गोल गोल फिरेल. नट सुटला की पूर्ण काढू नका, थोडे आटे धरून ठेवा, म्हणजे हब सुटताना उडून अंगावर येत नाही. मग चाक काढा, पुलरची प्लेट चाकाच्याच स्टडवर बसवा, चारही नट सारखे आवळा आणि मधला बोल्ट फिरवायला घ्या.

आणि इथेच सेटवाल्याने पैसे वाचवलेत. प्लेट जाड आहे, भोकं बरोबर मापात आहेत, पण मधला बोल्ट मऊ लोखंडाचा. जोर वाढवला तशी बोल्टच्या टोकाची मश्रूमसारखी छत्री झाली आणि वरच्या षटकोनावर पाना घसरायला लागला. तिथेच थांबलो. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर म्हणे "सर जादा जोर दिया होगा", अरे भल्या माणसा, पुलर हा जोर द्यायलाच असतो ना! पैसे परत नाही, दुसरा बोल्ट नाही, विषय संपला. शेवटी जवळच्या गाळ्यातल्या लेथवाल्याकडे जुना बोल्ट नेऊन दाखवला, त्याने ईएन २४ या मजबूत स्टीलचा त्याच आट्याचा नवीन बोल्ट काढला, हार्डनिंग करून दिला, टोकाला निमुळता केला म्हणजे शाफ्टच्या मधल्या खड्ड्यात बसतो आणि शाफ्टचे आटे खराब होत नाहीत. नवीन बोल्ट लावून आवळला, हबवर सगळीकडून हीट गन फिरवली (हब अॅल्युमिनियमचा, शाफ्ट लोखंडी, गरम झाला की हब जास्त फुगतो), बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा एकच ठोका दिला आणि "टक्क" असा मोठा आवाज आला, मांजर पळालं, हब सुटला. म्हणून माझा सल्ला, सेट हातात आला की गाडीला लावायच्या आधीच तो बोल्ट लेथवाल्याकडे न्या.

क्लच कॉम्प्रेसर मात्र एक नंबर. स्प्रिंग दाबल्या जातात, मोठी रिंग खोबणीतून स्क्रू ड्रायव्हरने काढायची, प्लेटा बाहेर. नवीन कॉर्क प्लेटा लावायच्या आधी रात्रभर गिअर ऑइलमध्ये भिजवा, कोरड्या लावल्या तर चिकटतात, गिअर टाकताना गाडी धक्का मारते. क्लच होल्डरचे दात थोडे ओबडधोबड होते, कानशीने सारखे केले, तेवढं चालतं.

सेटमध्ये काय नाही तेही सांगतो. चांगला सरक्लिप प्लायर नाही, टॉर्क रेंच अर्थातच नाही, हे दोन्ही मुंबईतल्या नागदेवीच्या टूल बाजारात जाऊन हातात धरून घ्या, ऑनलाइन नको. सायलेंट ब्लॉक, म्हणजे इंजिन चासीला धरणारे रबरी बुश, ते काढायचं टूलही नाही, आणि तो लांब इंजिन बोल्ट त्यातच गंजून अडकलेला असेल तर डब्ल्यूडी-४० मारून मारून काही दिवस वाट बघण्याशिवाय पर्याय नाही. बेअरिंगची चिंता नको, चेनच्या बाजूला ६३०५ आणि मॅग्नेटच्या बाजूला एनयू २०५, दोन्ही स्टँडर्ड मापं, चांगल्या कंपनीचं घ्या फक्त, बाजारात डुप्लिकेट खूप आहे.

परदेशातले लोक या टूलसाठी इतके पैसे मोजतात आणि आपल्याला चार हजारात कसं मिळतं? कारण मिलानमध्ये इनोचेंटीने १९४७ ला सुरू केलेली लॅम्ब्रेटा तिकडे १९७१ ला बंद झाली, पण सगळी मशिनरी लखनौच्या स्कूटर्स इंडियाने विकत घेतली आणि तिथे स्कूटर १९९७ पर्यंत निघत होत्या, इकडे एपीआयच्या गाड्या वेगळ्याच. त्यामुळे पार्ट आणि टूल बनवणारे अजून आपल्याकडे आहेत. म्हणजे इटालियन गाडी आणि टूल देशी, काय पाहिजे अजून! ऑर्डर देताना मॉडेल एलआय आहे का जीपी ते मात्र नीट सांगा, क्रँकच्या टेपरमध्ये, म्हणजे निमुळत्या टोकात, फरक असतो.

आणि ५० वर्षांवरची गाडी असेल तर अजून एक. २०२१ च्या नियमाने अशा गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर घेता येतो, फी २० हजार, पण गाडीत मोठा बदल केलेला नसावा आणि रोजच्या वापराला चालत नाही. घण मारून इंजिनची केसिंग फोडली आणि दुसऱ्या नंबरची बसवली तर तिथे बसा कागद जुळवत. एवढ्यासाठी तरी पुलर वापरा.

मार्क द्यायचे तर क्लच कॉम्प्रेसर आणि मॅग्नेट पुलरला पाचपैकी पाच, होल्डरना साडेतीन, हब पुलरच्या प्लेटला चार, बोल्टला शून्य आणि विकणाऱ्याच्या सर्व्हिसला त्याहून कमी. एकच गाडी आहे आणि एकदाच उघडायचीय असं असेल तर विकत घेऊच नका. मुलुंड-भांडुप-ठाणे पट्ट्यात कोणाला लागला तर माझा घेऊन जा, नवीन बोल्टासकट देतो. फक्त डिपॉझिट म्हणून तुमचा टॉर्क रेंच ठेवून जायचा, कारण आधी नेलेला पाना सेट अजून परत आलेला नाही.