मेनूकार्ड मागितल्यास मिळते: कर्वे रस्त्यावरील एका उपाहारगृहाचे परीक्षण

पुण्यात कर्वे रस्त्यावर, नळ स्टॉपच्या मेट्रो स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांवर, मराठी पदार्थांचे एक उपाहारगृह काही महिन्यांपूर्वी नव्या रूपात सुरू झाले. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण हे परीक्षण पदार्थांचे कमी आणि पदार्थ मागवण्याच्या व्यवस्थेचे अधिक आहे, आणि तशीच व्यवस्था थोड्याफार फरकाने शहरातल्या इतरही ठिकाणी आता दिसू लागली आहे. येथे टेबलावर मेनूकार्ड नसते. टेबलाच्या काचेखाली क्यूआर कोड असतो. तो मोबाइलने स्कॅन करायचा, उघडलेल्या पानावर पदार्थ निवडायचे, तेथूनच ऑर्डर द्यायची आणि शेवटी बिलही तेथेच भरायचे. वेटर फक्त बशा आणून ठेवतो आणि उचलून नेतो. महिन्याभरात मी तेथे तीनदा गेलो: एकदा रविवारी सकाळी आई आणि माईमावशीला घेऊन, एकदा कार्यालयातून दुपारी एकटा आणि एकदा भाचीबरोबर. तिन्ही वेळचे अनुभव इतके वेगळे होते की एकाच जागेला तीन निरनिराळे गुण द्यावे लागतील.

पदार्थांविषयी थोडक्यात सांगून टाकतो. थालीपीठ खरपूस असते आणि लोण्याच्या गोळ्यात हात आखडता घेतलेला नसतो. मिसळीतले फरसाण मऊ पडण्याआधी मिसळ टेबलावर येते आणि सँपल मागितल्यास कपाळाला आठ्या न घालता मिळते. साबुदाणा वडा आतून किंचित कोरडा वाटला, पियूष मात्र गरजेपेक्षा गोड. दर एरंडवण्याच्या मानानेही चढे आहेत. स्वयंपाकघराविषयी याहून अधिक तक्रार नाही.

रविवारी आम्ही तिघे बसलो तेव्हा काचेखाली एक नव्हे, तीन कोड होते. एक मेनूचा, दुसरा पैसे भरण्याचा आणि तिसरा ‘आम्हाला पाच तारे द्या’ असे सुचवणारा. तिन्ही सारख्याच आकाराचे, काळे-पांढरे, आणि त्यांखालची अक्षरे मुंगीएवढी. आई ७४ वर्षांची आहे, महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली आहे, आणि विजेचे बिल ती स्वतःच्या मोबाइलवरून भरते. तेव्हा तिला तंत्रज्ञान जमत नाही असे कोणी म्हणू नये. तिने चष्मा लावून जवळचा कोड स्कॅन केला. पैसे भरण्याचे पान उघडले आणि त्याने रक्कम विचारली. आईने फोन चटकन पालथा ठेवला आणि म्हणाली, ‘अरे, हे पैसे मागतंय, अजून पाणीसुद्धा आलं नाही.’

या प्रसंगात चूक आईची नव्हती. क्यूआर कोड हा माणसाने वाचण्यासाठी बनलेलाच नाही. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तो तयार केला तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. बारकोडमध्ये मजकूर फार थोडा मावत असे आणि त्यामुळे एकेका खोक्यावरचे अनेक बारकोड कामगारांना एकामागून एक वाचावे लागत. नव्या कोडच्या तीन कोपऱ्यांतले ठळक चौकोन यंत्राला दिशा दाखवतात, म्हणून तो तिरका, उलटा कसाही धरला तरी वाचला जातो. आणि मजकूर त्यात अशा रीतीने भरलेला असतो की चूक दुरुस्त करण्याची सर्वांत वरच्या पातळीची सोय असलेल्या कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो चालतो. आमच्या टेबलावरच्या काचेवर, बरोबर मेनूच्या कोडवर, आधीच्या कुणाच्या रश्शाचा तांबडा डाग वाळून बसला होता आणि तरीही तो पहिल्या प्रयत्नात स्कॅन झाला. यंत्राच्या सोयीचा इतका विचार या चौकोनात आहे. मात्र तीन चौकोन शेजारी ठेवले, तर कोणता कशाचा हे माणसाच्या डोळ्याला सांगणारे त्यात काहीच नसते. ते काम भोवतालच्या अक्षरांनी करायचे असते आणि तीच येथे बारीक ठेवली आहेत. पुणेरी पाटीला आपण हसतो खरे, परंतु ती मराठीत असते, चार हातांवरून वाचता येते आणि तिचा अर्थ लावताना कुणाचा गोंधळ उडाल्याचे ऐकिवात नाही.

योग्य कोड सापडल्यावर पानाने आधी मोबाइल क्रमांक मागितला आणि मग ओटीपी. हॉल रस्त्यापेक्षा चार पायऱ्या खाली असल्याने तेथे नेटवर्क अर्धवट मिळते. ओटीपी आला तेव्हा त्याची मुदत संपली होती. माईमावशीकडे बटणांचा फोन आहे, त्यामुळे तिचा प्रश्नच नव्हता. थालीपीठ खायला ओळख का पटवावी लागते, हे मला आजही उमगलेले नाही. दुकानदारांनी बिल करताना ग्राहकाकडे मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दिली होती. येथे तर बिल लांबच राहिले, क्रमांक दिल्याशिवाय पदार्थांची नावेही दिसत नाहीत. तो क्रमांक दिल्यापासून मला दर शुक्रवारी सायंकाळी बासुंदीवरील सवलतीचा संदेश येतो.

पान दिसायला देखणे आहे. मोठी छायाचित्रे, मलईच्या रंगाची पार्श्वभूमी आणि तिच्यावर फिकट करडी अक्षरे. संकेतस्थळे सर्वांना वाचता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक निकषांत साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ असावा असे म्हटले आहे; येथली करडी अक्षरे त्या कसोटीला उतरणार नाहीत, हे ओळखायला मोजमाप करण्याचीही गरज नाही. संख्या वाढवण्याचे आणि कमी करण्याचे चिन्ह एकमेकांना इतके खेटून आहे की आईने एक वाढवताना दोनदा एक कमी झाले. अँड्रॉइडच्या आरेखनाच्या सूचनांत बोटाने दाबायच्या जागेचा आकार साधारण ९ मिलिमीटर असावा असे सुचवलेले असते, त्याच्या निम्माही येथे नसावा.

त्याहून मजेची गोष्ट म्हणजे सारी नावे रोमन लिपीत आहेत. शोधण्याच्या चौकटीत आईने ‘थालीपीठ’ असे देवनागरीत लिहिले, तेव्हा ‘असा पदार्थ उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. मग मी रोमन अक्षरांत प्रयत्न केला. ‘पीठ’मधल्या दीर्घ ईकारासाठी दोन ई लिहायचे की एक आय, हे ज्याने ती यादी भरली त्याच्याच डोक्यात असणार, तिसऱ्या खेपेला आमचे शुद्धलेखन त्याच्याशी जुळले. ज्या उपाहारगृहात बसलेल्या बहुतेकांची भाषा मराठी, पदार्थ मराठी आणि भिंतीवर ज्ञानेश्वरांची ओवी रंगवलेली, तेथे थालीपीठ देवनागरीत सापडू नये, याला तांत्रिक अडचण म्हणवत नाही.

खरा प्रसंग मात्र पुढे घडला. त्या दिवशी संकष्टी होती आणि माईमावशीचा उपवास होता. साबुदाणा वडा पानावर होता, छायाचित्रासह होता, दरासह होता. मावशीने विचारले, ‘उपासाचे वडे वेगळ्या तेलात तळतात का रे?’ आता हे कुठे विचारायचे? पानावर ‘विशेष सूचना’ नावाची चौकट आहे. तिच्यात विनंती लिहिता येते, प्रश्न विचारता येत नाही, म्हणजे लिहिता येतो, पण उत्तर येत नाही. मी चौकट न्याहाळत असताना मावशीने शेजारून जाणाऱ्या वेटरला सरळ हाक मारली. तो पोरगेलासा मुलगा क्षणभर थांबला, म्हणाला, ‘हो आजी, उपासाची कढई वेगळी असते,’ आणि पुढे गेला. मावशीचा चेहरा निवळला. त्यानंतर ‘दोन चहा तिघांत द्या’ हेही तिने त्यालाच सांगितले, कारण पानावर चहा पूर्ण आकड्यांतच मागवता येतो.

मेनूकार्ड ही निव्वळ यादी असते, आणि यादी कागदावरून पडद्यावर गेली तर फारसे बिघडत नाही. परंतु वेटर ही यादी नव्हती. आज ताजे काय, तिखट किती, लहान मुलाला चालेल का, एका थाळीत दोघांचे भागेल का, ही विचारपूस तो उभ्या उभ्या निस्तरत असे. आता यादीचे काम यंत्राकडे गेले, टिपून घेण्याचे काम ग्राहकाकडे आले आणि विचारपूस कुणाच्याच वाट्याला राहिली नाही.

बिलाविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल. एकूण रकमेच्या वर दोन ओळी आधीच टिकमार्क करून ठेवलेल्या होत्या: एक पाच रुपयांची देणगी, दुसरी पाच टक्के सेवा शुल्क. देणगीचा टिकमार्क काढता येतो, सेवा शुल्क हटवण्यासाठी ‘विनंती करा’ असे बटण आहे आणि ते दाबल्यावर ‘आपण आमच्या कर्मचाऱ्यांचे कष्ट नाकारू इच्छिता का?’ असा प्रश्न येतो. ऑर्डर मी टिपली, पैसे मी भरले, पाणीही दोनदा मीच उठून आणले. तेव्हा कष्टांचा हिशेब नेमका कोणी कोणाला द्यायचा, असे मनात आले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच स्पष्ट केले आहे की उपाहारगृहांनी सेवा शुल्क आपोआप बिलात धरू नये. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. ग्राहकाला न विचारता त्याच्या टोपलीत देणगी सरकवणे आणि नकार देणाऱ्याला खजील करणे, या दोन्ही युक्त्या ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या, पडद्यावरील फसव्या रचनांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवलेल्या १३ प्रकारांमध्ये येतात. तिसरी युक्ती भाचीने पकडली. आम्रखंडाखाली लाल अक्षरांत ‘फक्त २ शिल्लक’ असे होते. आम्ही दोन मागवली, खाल्ली, आणि अर्ध्या तासाने तिने पुन्हा पाहिले तेव्हाही दोनच शिल्लक होती. ‘मामा, अक्षयपात्र आहे,’ ती म्हणाली.

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्वच्छपणे मांडली पाहिजे. दुपारी एकटा गेलो तेव्हा हीच व्यवस्था मला फार आवडली. वेटरच्या नजरेला नजर भिडावी म्हणून मान वळवत बसावे लागले नाही. दोन मिनिटांत ऑर्डर गेली, बिलाची रक्कम खाताना समोर दिसत राहिली आणि हात धुऊन थेट बाहेर पडता आले. पलीकडच्या टेबलावर दोन तरुण खुणांच्या भाषेत बोलत होते. त्यांनी फोनवर ऑर्डर दिली, हवे तेच पदार्थ आले, आणि कुणालाही मोठ्याने, दोन-दोनदा विचारावे लागले नाही. नव्याने पुण्यात आलेल्या, मराठी न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही छायाचित्रांचा उपयोग होत असणार. भाचीने तर बिल तीन मैत्रिणींत वाटून घेण्याची सोयही मला दाखवली, जी मला एरवी सापडली नसती.

मॅनेजरशी बोललो. त्यांचे म्हणणे असे की करोनाच्या काळात हाताळणी टाळण्यासाठी कोड आले आणि मग सोयीचे ठरले. भाजीचे भाव हलले की दर बदलावे लागतात, दर वेळी कार्ड छापणे परवडत नाही, आणि टिकणारी मुले मिळत नाहीत. यातले काहीच खोटे वाटले नाही. मात्र देवनागरीतला शोध, ठसठशीत अक्षरे आणि क्रमांकाशिवाय उघडणारे पान यांसाठी वेटर लागत नाहीत, एवढे मी त्यांना म्हटले. त्यांनी ते वहीत टिपून घेतले, पेनाने.

बाहेर पदपथाच्या कडेला एक भाजीवाली बसते. तिच्याकडेही क्यूआर कोड आहे, एकच, पाटीच्या काठाला लावलेला, आणि शेजारी रक्कम मोठ्याने सांगणारी डबी. तिचे हात मेथीच्या जुड्यांत गुंतलेले असतात, फोन पिशवीत असतो, म्हणून पैसे आल्याचे तिला कानांनी कळते. ती मान वर न करता ‘आले’ म्हणते. यूपीआय २०१६ साली आले तेव्हा ते स्मार्टफोनवाल्यांसाठी होते, मार्च २०२२ पासून बटणांच्या फोनवरूनही त्याने पैसे पाठवता येतात, आणि माईमावशीला ते शिकवायचे माझ्या मनात आहे. ही डबी ज्याने कोणी योजली त्याने बाजारात उभे राहून माणसे पाहिली असावीत. उपाहारगृहातले पान योजणाऱ्याने बहुधा एकट्याने जेवणारा ग्राहकच डोळ्यांसमोर ठेवला.

गुण द्यायचे तर पदार्थांना पाचपैकी चार. व्यवस्थेला एकट्या माणसासाठी साडेतीन, कुटुंबासाठी दीड. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल, तर काचेखालच्या चौकोनांच्या वाटेला न जाता गल्ल्यावर जाऊन मेनूकार्ड मागावे. ते असते. गल्ल्याच्या खालच्या खणात, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली, दोन प्रती आहेत; छापील मराठीत, दर मात्र निळ्या पेनाने खोडून नवे लिहिलेले. आमच्या रविवारी आईने ते कार्ड हातात घेतल्यापासून तिघांची ऑर्डर ठरेपर्यंत दोन मिनिटेही लागली नाहीत. सकाळी नऊच्या आत गेल्यास जागा मिळते. चारचाकीसाठी सोय नाही. दुचाकी शेजारच्या गल्लीत लावता येते, परंतु सम-विषम तारखेचा फलक पाहूनच लावावी.