लिस्बन की साओ पावलो? काजूची पहिली पेटी पाठवण्याआधी

27 ऑगस्ट 2025. गोव्यात चवथ. त्याच दिवशी अमेरिकेचं भारतीय मालावरचं 50 टक्के शुल्क लागू झालं. माझा भाचा सत्तरी तालुक्यात काजूचा छोटा कारखाना चालवतो. बिया भाजायच्या, फोडायच्या, सोलायच्या, निवडायच्या; बारा-चौदा बायका आणि एक जुना बॉयलर, एवढाच पसारा. त्याचा बराचसा माल मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत अमेरिकेला जायचा. आरती झाली, माटोळीखाली पानं मांडली आणि हा हातात फोन घेऊन बसलेला. व्यापाऱ्याने पुढची ऑर्डर थांबवली होती. पुढे अमेरिकेने काही शेतमालाला सूट दिली, पण एकदा दचकलेला माणूस पुन्हा सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवत नाही. जेवण झाल्यावर त्याने विचारलं, "मावशी, पोर्तुगाल की ब्राझील? एकाच ठिकाणी जाऊन गिऱ्हाईक शोधण्याइतके पैसे आहेत."

मी वीस वर्षं निर्यातीची कागदपत्रं करते. शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, ओरिजिन सर्टिफिकेट (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला), हे सगळं. म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. हे दोनच देश का, ते गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. पोर्तुगाल घरातल्या जुन्या कपाटासारखा. उघडावंसं वाटत नाही आणि टाकवतही नाही. ब्राझील म्हणजे काजूचं माहेर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी काजू तिथून आणला आणि 'काजू' हा शब्दही तिथल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आपल्याकडे आला.

आधी पोर्तुगाल. स्वतंत्र भारताचे त्याच्याशी राजनैतिक संबंध 1949 मध्ये जुळले आणि गोव्याच्या प्रश्नावरून लगेच बिघडले. 1953 मध्ये भारताने लिस्बनमधली आपली कचेरी बंद केली, 1955 मध्ये संबंध पूर्ण तुटले. दादरा-नगर हवेलीला जाण्याच्या वाटेसाठी पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला, निकाल 1960 मध्ये लागला. त्या वर्षांत भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. माझी आजी सांगायची, घाटावरचे बटाटे यायचे बंद झाले आणि बाजारात हॉलंडचे बटाटे आले. "दिसायला गोरे, चवीला काही नाही." व्यापारबंदी म्हणजे काय, ते मला त्या बटाट्यांवरून कळलं. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, पण पोर्तुगालने ते मान्य केलं ते तिथली हुकूमशाही कोसळल्यावर, 31 डिसेंबर 1974 च्या करारात.

आता चित्र पार वेगळं आहे. पणजीत पोर्तुगालची वाणिज्य वकिलात 1994 पासून आहे. तिच्यासमोरची रांग मात्र व्यापाऱ्यांची कमी आणि पोर्तुगीज नागरिकत्वासाठी जन्मदाखले घेऊन आलेल्यांची जास्त. मडगावात मुळं असलेले आंतोनियो कोश्ता 2015 ते 2024 पोर्तुगालचे पंतप्रधान होते. 2017 मध्ये भारतात आले तेव्हा त्यांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं कार्ड मिळालं. एप्रिल 2025 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू लिस्बनला गेल्या. सत्तावीस वर्षांनी भारताचे राष्ट्रपती तिथे गेले, आणि संबंध पुन्हा जुळल्याच्या पन्नाशीनिमित्त दोन्ही देशांनी टपाल तिकिटं काढली.

छान वाटतं हे सगळं. पण भाच्याला मी पहिल्यांदा हेच सांगितलं की लिस्बनच्या प्रेमाला कस्टमच्या खिडकीवर काही किंमत नाही. पोर्तुगाल युरोपियन युनियनमध्ये आहे. कुठल्या मालावर किती शुल्क आणि कुठला माल परत पाठवायचा, हे ब्रुसेल्समध्ये ठरतं. भारत आणि युरोपियन युनियन यांची मुक्त व्यापाराची बोलणी 2007 मध्ये सुरू झाली, 2013 मध्ये थांबली, 2022 मध्ये परत सुरू झाली आणि 27 जानेवारी 2026 ला दिल्लीत ती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. त्या वेळी युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष होते हेच कोश्ता. आमच्याकडे लगेच "आपला माणूस आहे, आता काम होणार" सुरू झालं. बोलणी पूर्ण होणं आणि करार लागू होणं यांच्यामध्ये सह्या असतात, युरोपच्या संसदेची मंजुरी असते. शिवाय सोललेल्या काजूगरावर युरोपात आधीपासूनच शुल्क शून्य आहे! काजूवाल्याने या कराराची वाट पाहत थांबायचं काही कारण नाही.

युरोपचा खरा दरवाजा म्हणजे प्रयोगशाळा. बुरशीमुळे तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष थेट खाण्याच्या काजूत एकूण 4 मायक्रोग्रॅम प्रतिकिलोच्या वर चालत नाही, त्यातला बी-1 हा प्रकार 2 च्या वर नाही. मिरची, हळद, मिरी यांना ही मर्यादा 10 आणि 5. सत्तरीत जूनच्या पावसात गोणी जमिनीवर ठेवल्या की हे आकडे कसे वर चढतात ते मी पाहिलंय. एका ओळखीच्या घरगुती मसालेवाल्याची पूर्ण पेटी तिकडच्या बंदरात अडकली. माल परत आणायचा खर्च मालापेक्षा जास्त, म्हणून शेवटी त्याने तिथेच नष्ट करायला संमती दिली. चूक मिरचीची नव्हती, लाकडी फळ्या न घातलेल्या गोदामाची होती.

आता ब्राझील. 1948 पासून संबंध, कधी तुटले नाहीत. पण एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. गोवामुक्तीच्या लढ्याच्या काळात ब्राझील पोर्तुगालच्या बाजूने उभा होता, आणि दिल्लीत पोर्तुगालचं काम पाहायची जबाबदारी ब्राझीलच्या वकिलातीकडे होती. देशांची मैत्री कायमची नसते, वैरही नसतं. 2006 मध्ये दोघे धोरणात्मक भागीदार झाले. ऑक्टोबर 2016 मध्ये ब्रिक्सची परिषद आमच्या बाणावलीतच भरली आणि ब्राझीलचे अध्यक्ष तेव्हा इथे होते. गावातल्या लोकांना त्या परिषदेचे आठवतात ते बंद केलेले रस्ते. जुलै 2025 मध्ये पंतप्रधान ब्राझिलियाला गेले आणि पाच वर्षांत व्यापार 20 अब्ज डॉलरवर न्यायचं ठरलं. 2024-25 मध्ये तो साधारण 12 अब्जांच्या घरात होता. पोर्तुगालशी असलेला व्यापार त्यापुढे खूपच लहान.

पण त्या 12 अब्जांत आहे काय? आपण पाठवतो डिझेल, शेतीची औषधं, माणसांची औषधं, रसायनं, यंत्रांचे भाग. तिकडून येतं कच्चं तेल, सोयाबीन तेल, साखर, सोनं. तुमच्या घरी पुऱ्या तळायला जे सोयाबीन तेल वापरता, त्यात ब्राझीलचा वाटा असण्याची शक्यता बरीच. भाच्यासारख्याला त्या यादीत जागा कुठे, हा प्रश्न आहे.

आणि भांडणंही आहेत. 2019 मध्ये ब्राझीलने भारताच्या ऊसदराच्या मदतीवरून जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. 2021 च्या शेवटी निकाल भारताविरुद्ध गेला, भारताने अपील केलं. एका टेबलावर ब्रिक्स, दुसऱ्या टेबलावर साखर. व्यापारात हे चालायचंच.

ब्राझीलबरोबर करार नाही असं नाही. मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी गटाशी भारताने 2004 मध्ये प्राधान्य व्यापार करार केला, तो जून 2009 पासून लागू आहे. त्यात भारताने 450 आणि त्यांनी 452 वस्तूंवर सवलत दिली आहे. ऐकायला बरं वाटतं. मात्र सवलत 10, 20 किंवा 100 टक्के अशी आहे, आणि ती शुल्कावरची सवलत आहे, किमतीवरची नाही. म्हणजे शुल्क 10 टक्के असेल आणि सवलत 10 टक्के, तर भरायचे 9. एक टक्का वाचवायला ओरिजिन सर्टिफिकेटचे हेलपाटे मारायचे की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी तर 10 टक्केवाल्या गिऱ्हाइकाला सरळ सांगते, सोडून द्या.

त्यावर ब्राझीलमध्ये आयातशुल्क ही नुसती पहिली पायरी. मग केंद्राचा उत्पादनकर, मग सामाजिक निधीची दोन वर्गणीवजा कलमं, मग राज्याचा विक्रीकर, तोही आधीच्या करांसकट रकमेवर. करपद्धतीत 2026 पासून टप्प्याटप्प्याने बदल सुरू झालेत, ते 2033 पर्यंत चालणार. तोवर तुमचा आयातदार दोन हिशेब ठेवणार. आणि तिथे कुणीही उठून आयात करू शकत नाही; सरकारच्या संगणकप्रणालीत नोंद असलेला आयातदारच लागतो. आपल्याकडच्या आयईसी कोडसारखं (आयात-निर्यातीसाठी लागणारा नोंदणी क्रमांक) समजा, पण जरा जास्त काटेकोर.

मग काजू? ब्राझीलच्या ईशान्येला सिआरा राज्यात काजूच काजू आहे. काजूगराला तिथे मागणी आहे, पण घरचाच आहे. आणि तिथे बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, फेकत नाहीत, रस पितात. दुकानात, रस्त्यावर, घरात. पियाउई राज्यात त्याचं गाळलेलं, पारदर्शक पेय करतात, त्याला काजुईना म्हणतात. आपण त्याच बोंडूचा नीरो काढतो, उर्राक करतो, फेणी करतो. ब्राझीलच्या माणसाला भाच्याने डब्ल्यू-320 या प्रतीचा काजूगर दाखवला तर तो हसेल आणि आपला दाखवेल. काजू विकायचा तर पोर्तुगाल, म्हणजे खरं तर युरोप. हे उत्तर मी चवथीच्या दिवशीच दिलं असतं, पण त्याच्या बायकोने तोंड उघडलं. ती मिस्कूट, म्हणजे कैरीचं लोणचं, घालते, कैरीच्या दिवसांत दोनशे बरण्या. आणि तिचा भाऊ वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कंपनीत आहे. मग बोलणं लांबलं.

भाषा दोन्हीकडे पोर्तुगीज, हे गोव्यात लोकांना मोठं सोयीचं वाटतं. एका लेबलचा किस्सा सांगते. आंब्याच्या रसाची बाटली होती, डिझाइन एका पणजीच्या मुलाने केलं, भाषा घरातल्या म्हाताऱ्याला विचारून घेतली. म्हाताऱ्याने रसाला 'सुमो' लिहायला सांगितलं. पोर्तुगालमध्ये बरोबर. बाटल्या निघाल्या ब्राझीलला, तिथे रसाला 'सुको' म्हणतात. तिकडच्या गिऱ्हाइकाने लेबल नव्याने छापून मागितलं. फरक एका अक्षराचा, पण छपाईचा खर्च पूर्ण. शिवाय ऑक्टोबर 2022 पासून ब्राझीलमध्ये पाकिटावर समोरच भिंगाचं काळं चिन्ह लागतं, जर साखर, मीठ किंवा संपृक्त चरबी ठरावीक मर्यादेच्या वर असेल. घन पदार्थात 100 ग्रॅमला 600 मिलिग्रॅम सोडियम झालं की भिंग. लोणच्याचं सोडियम त्याच्या कितीतरी पुढे जातं. मिस्कुटाच्या बरणीवर भिंग येणार, हे धरूनच चाला. युरोपात असं सक्तीचं भिंग नाही, पण तिथे मिस्कूट ठीक असलं तरी सुंगटाचं बालचांव, म्हणजे कोळंबीचं लोणचं, पाठवता येणार नाही. मासळी असेल तर युनियनने मान्य केलेलाच कारखाना लागतो.

वाहतुकीत दोन्हीकडे सारखाच त्रास. मुरगावहून थेट कंटेनर मिळणं कठीण, बहुतेक माल ट्रकने न्हावाशेवाला जातो. काजूचा वीस फुटी कंटेनर म्हणजे 22.68 किलोचे 700 खोके, जवळजवळ 16 टन. भाच्याने तीन महिने साठवला तरी तेवढा माल होणार नाही, म्हणजे दुसऱ्यांबरोबर कंटेनर वाटून घ्यावा लागणार. युरोपला असे वाटून घेतलेले कंटेनर दर आठवड्याला सुटतात. ब्राझीलच्या सांतोस बंदरासाठी वाट बघावी लागते. ब्राझीलचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. आपण दुकान बंद करायला घेतलं की त्यांचा सकाळचा फोन.

आणि पैसा. युरोपचा गिऱ्हाईक प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागेल, पण पैसे साधारण वेळेवर देईल. ब्राझीलचा उधारी मागेल, दोन-तीन महिन्यांची. उधारी द्यायची तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर भरपाई देणारा विमा काढल्याशिवाय देऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

भाच्याच्या मेव्हण्याला, म्हणजे त्या औषधकंपनीवाल्याला, मी उलटं सांगितलं. औषधांना ब्राझील ही मोठी बाजारपेठ आहे. जेनेरिक औषधांचा कायदा तिथे 1999 पासून आहे, वीस कोटींहून जास्त लोक, आणि भारतीय औषधांची ओळख आधीपासून झालेली. तिथल्या नियामकाची, आन्विसाची, मंजुरी मिळायला वेळ आणि पैसा जातो, पण कंपनीला ते झेपतं. पोर्तुगालची लोकसंख्या कोटीभर. एवढ्यासाठी औषधाची नोंदणी करायची तर ती युरोपभर वापरायच्या हिशेबानेच.

भाच्याचं ठरलंय, पण अर्धंच. लिस्बनला जाण्याऐवजी 2027 च्या ऑक्टोबरमध्ये कोलोनच्या अनुगा खाद्यप्रदर्शनाला जायचं, तिथे पोर्तुगालचेही येतात आणि इतरही. त्याआधी गोदामात लाकडी फळ्या बसवून झाल्या. काजूचा नमुना गेल्या सोमवारी मी स्वतः कुरियर केला, अफ्लाटॉक्सिनसाठी. त्याच पाकिटात त्याच्या बायकोने मिस्कुटाची एक बरणी घातली, चिठ्ठी लावून: "मावशी, याचं फक्त मीठ मोजा."