विनिपेगच्या हिवाळ्यात हायब्रिडची बॅटरी: गॅरेज की प्लग?

कॅनडातील विनिपेग येथे जानेवारीच्या रात्री तापमान सहज −२०° सेल्सियसखाली उतरते. लिथियम-आयन बॅटरी ०° खाली चार्ज केली तर तिच्या ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचू लागते; म्हणून हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या, गाडीची नियंत्रण यंत्रणा चार्जिंग रोखून धरते, ब्रेक लावताना परत मिळणारी वीज घटते आणि इंजिन अधिक वेळ चालू राहते.

घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये हीटर नसला, तरी घरातून झिरपणारी ऊब आणि वाऱ्यापासूनचा आडोसा यांमुळे बॅटरी बाहेरच्या हवेइतकी गारठत नाही. जड बॅटरी सावकाश थंड होते, त्यामुळे संध्याकाळची ऊब रात्री बराच वेळ टिकते, आणि त्यासाठी वेगळी वीज लागत नाही.

उघड्यावर गाडी ठेवणाऱ्याला प्लगचा आधार असतो. मात्र तिथल्या पार्किंगमधील खांबांवर मिळणारी वीज बहुधा ब्लॉक हीटरसाठी असते आणि तो इंजिन गरम करतो, बॅटरी नव्हे. ही गफलत नवख्यांची हमखास होते. ज्या प्लग-इन (बाहेरच्या विजेवर चार्ज होणाऱ्या) हायब्रिडमध्ये बॅटरीचा स्वतंत्र हीटर आहे, तिथेच हा पर्याय खरा उपयोगी पडतो, आणि चार्जिंग निघण्याच्या जरा आधी संपेल अशी वेळ लावली तर बॅटरी मुळातच कोमट मिळते.

टोयोटा प्रियससारख्या साध्या (प्लग नसलेल्या) हायब्रिडसाठी मी गॅरेजच निवडेन, कारण तिची बॅटरी केबिनमधील हवा घेते आणि गॅरेजमध्ये ती हवा कमी गारठते. मागच्या आसनाजवळची, ही हवा आत घेणारी जाळी मात्र सामानाने झाकू नये.