चिमटा की चिकटपट्टी?

गुन्ह्याच्या जागी पुरावा गोळा करताना खुर्चीच्या पाठीला अडकलेला लांब केस डोळ्यांना दिसतोय, तर तो चिमट्यानेच उचलावा. नेमका कुठे सापडला याची नोंद राहते, कागदाच्या पुडीत घालून सील करता येतो. ओढाताण मात्र नको. मुळाशी पेशी शिल्लक असतील तर त्या माणसाचा पुरा डीएनए मिळू शकतो. नुसत्या दांड्यातून बहुधा मायटोकॉन्ड्रियाचाच, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांचा, आणि तो आईकडून मुलांकडे येत असल्याने आई, भावंडं, मावशी, आजी अशा नातलगांचा सहसा सारखाच.

कपड्यांवरचे न दिसणारे धागे चिकटपट्टीच आणते. इथे घाई हवी, कारण कपडे अंगावर राहिले तर पहिल्या काही तासांतच बहुतेक धागे गळून जातात. पण बेळगावात वडगाव-खासबागच्या यंत्रमागाच्या गल्लीत पट्टी लावून बघा! अख्ख्या गल्लीच्या अंगावर कृत्रिम रेशमाची तीच कस्पटं. तिथे धागा जुळला म्हणून कुणाकडे बोट दाखवणं मला तरी पटत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तोच धागा सापडला, तर गोष्ट निराळी.

केसाचाही फार तोरा नको. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तुलनेवर दिलेल्या साक्षी अमेरिकेच्या एफबीआयने पुन्हा तपासल्या, तेव्हा २०१५ मध्ये किमान ९० टक्के साक्षींत चुकीची विधानं असल्याचं समोर आलं. म्हणून आधी चिमटा, मग पट्टी, आणि केस असेल तर डीएनए तपासणीचा आग्रह धरावाच.