स्प्रे मशीनच्या गाडीसाठी पर्यायी ॲक्सल संच : दांडा चोख, टोप्या कच्च्या

एअरलेस स्प्रे मशीनची, म्हणजे हवेच्या झोताऐवजी पंपाच्या दाबाने रंग फवारणाऱ्या यंत्राची, देखभाल म्हटली की लक्ष पंपाचे पॅकिंग, फिल्टर आणि गनची टिप यांच्याकडे जाते. हे सगळे वजन ज्या दोन चाकांवर ओढले जाते, त्यांना जोडणाऱ्या ॲक्सलकडे मात्र चाक चौकटीला घासून करकर वाजू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. आमच्या मशीनची गाडी त्याच अवस्थेला पोहोचल्यावर मूळ सुट्या भागाऐवजी एक पर्यायी संच मागवला. त्यात झिंकचा मुलामा दिलेला पोलादी दांडा, चार वॉशर आणि दोन्ही टोकांना ठोकून बसवायच्या दोन टोप्या असतात. दांड्याबद्दल तक्रार नाही, टोप्यांबद्दल आहे.

संच निवडण्याआधी जुना ॲक्सल का झिजला हे पाहणे आवश्यक आहे. अशा गाड्यांमध्ये बहुधा दांडा चौकटीच्या नळीत स्थिर असतो आणि चाकाचा प्लास्टिकचा हब, म्हणजे मधला भोकाचा भाग, त्याच्याभोवती फिरतो. पुट्टी घासताना उडालेली पूड आणि रंगाचा सुकलेला धुरळा हबमध्ये शिरतो, त्यातले कठीण कण मऊ प्लास्टिकमध्ये रुतून बसतात आणि मग तो हबच कानशीसारखा पोलादावर फिरत राहतो. प्लास्टिकपेक्षा पोलाद अधिक झिजलेले दिसते ते यामुळेच. मशीन धुतानाचे पाणी नळीत साचून गंज चढतो तो वेगळा. म्हणूनच नुसता दांडा बदलून जुने, कण रुतलेले हब तसेच ठेवले, तर नवा मुलामा फार काळ टिकणार नाही. या संचात हब किंवा बुश (भोकात बसवायची झीज सोसणारी नळकांडी) दिलेले नाहीत, ही त्याची पहिली उणीव.

मापाच्या बाबतीत हा संच खरोखर चांगला आहे. अनेक गाड्यांचे ॲक्सल इंचाच्या मापाचे असतात. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. बाजारात सहज मिळणारा 12 मिलिमीटरचा गज त्या जागी घातला, तर 0.7 मिलिमीटरची ढिलाई राहते. ऐकायला ही क्षुल्लक वाटते, पण 40 मिलिमीटर रुंदीच्या हबवर बसवलेल्या 250 मिलिमीटर व्यासाच्या चाकाची कडा तेवढ्या ढिलाईने दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटरहून अधिक डोलते, आणि हा डोल स्वतःच पुढची झीज वाढवतो. या संचातला दांडा व्हर्निअरवर अपेक्षित मापाचा भरला आणि हबमध्ये बोटांच्या दाबाने, न अडकता, सरकला. मागवण्यापूर्वी जुन्या ॲक्सलचे माप त्याच्या मधल्या भागावर घ्यावे, कारण नळीच्या आत राहणारा तो भाग कमी झिजलेला असतो. हबखालचा भाग मोजला तर चुकीचे, बारीक माप हाती येईल. लांबी मोजताना वॉशरची आणि टोपी बसण्याची जागाही धरावी.

सोबतच्या सूचनापत्रात दाब काढण्याचा उल्लेखच नाही, ही गंभीर त्रुटी आहे. ही मशीन 200 बारच्या आसपासच्या दाबाने काम करते आणि बटण बंद केल्यावरही होजमध्ये दाब टिकून राहतो; तो बारीक फवारा त्वचा भेदून आत गेला, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ती शस्त्रक्रियेची बाब असू शकते. म्हणून मशीन बंद करून वीज तोडावी, बादलीत गन दाबून दाब उतरवावा, गनचे कुलूप लावावे आणि प्राइम व्हॉल्व्ह (रंग परत बादलीत सोडणारी झडप) उघडा ठेवावा. पेट्रोल इंजिनची गाडी आडवी पाडू नये, कारण तेल एअर फिल्टरमध्ये उतरण्याची शक्यता असते. चौकटीखाली लाकडी ठोकळे देऊन चाके अधांतरी केली तरी काम भागते.

जुना ॲक्सल काढताना एक टोपी कापून टाकावी, गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे आणि दांडा ठोकण्यापूर्वी त्याच्या टोकाला फुटलेली पसरट कड कानशीने उतरवावी. तशीच ठोकली तर ती नळीचे तोंड फाडते.

आता टोप्या. अशी टोपी आतल्या पात्यांच्या पकडीवर टिकते, म्हणून ती एकदाच वापरायची वस्तू असते आणि ठोकताना दांड्याच्या दुसऱ्या टोकाला भक्कम आधार द्यावा लागतो. संचातल्या टोप्यांचा पत्रा इतका पातळ आहे की किंचित तिरका घाव बसताच पाती वाकतात. पायऱ्यांवरून मशीन चढवताना एकाच चाकावर भार येतो, अशा वेळी या पकडीवर विश्वास ठेवणे मला पटले नाही. दांडा कडक केलेला नसल्याने त्यात 3 मिलिमीटरचे भोक सहज पडले. टोप्या बाजूला ठेवून वॉशरच्या बाहेर त्या भोकात स्प्लिट पिन (टोके वाकवून अडकवायची दुपदरी पिन) घातली.

सूचनापत्रातला आणखी एक सल्ला रंगकाम करणाऱ्याने मुळीच पाळू नये, तो म्हणजे सिलिकॉन स्प्रे वापरण्याचा. सिलिकॉनचा अंश रंगवायच्या पृष्ठभागावर पोहोचला, तर ओला रंग तिथून मागे सरून खळगे पडतात, ज्यांना पेंटर फिश आय म्हणतात. लिथियम ग्रीसचा पातळ थर पुरतो. जास्त दिल्यास तो धूळच गोळा करतो.

चौकटीची नळीच अंडाकृती झाली असेल तर हा संच घेऊन उपयोग नाही. नवा दांडा नळीत घालून हलवला की ते लगेच कळते, आणि तसे असेल तर आधी नळीत बुश बसवून घ्यावा किंवा नळीच बदलावी. वेल्डिंग लागलेच तर मशीन गाडीवरून उतरवून, थिनर आणि रंगाच्या डब्यांपासून दूर करावे, कारण वेल्डिंगचा प्रवाह मोटरच्या कंट्रोल बोर्डलाही इजा करू शकतो. नळी शाबूत असेल, हब नवे घेण्याची तयारी असेल आणि हाताशी ड्रिल असेल, तर दांड्यासाठी हा संच घ्यावा. ड्रिल नसेल तर ज्यात खाचा आणि त्यांत बसणाऱ्या सर्क्लिप (स्प्रिंगसारख्या कड्या) आधीच दिल्या आहेत असा ॲक्सल शोधावा.