घरपोच भाडेकरार नोंदणी: पैसे वसूल, पण मसुदा स्वतः वाचा

पुण्यात एजंटमार्फत मिळणारी ही सेवा खरंच सोयीची आहे. माणूस लॅपटॉप आणि थंब मशीन घेऊन घरी येतो, मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदारांचे फोटो-अंगठे घेतो. दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागत नाही.

आधी सरकारी खर्च वेगळा लिहून मागा. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के; ते एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज, यावर लागतं. भाडं 20,000, डिपॉझिट 1 लाख, मुदत 24 महिने असेल तर 4.8 लाख भाडं अधिक 20 हजार व्याज, म्हणजे 5 लाखांवर 1,250 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. उरलेल्यातलं एजंटचं किती ते विचारा, घासाघीस तिथेच करा.

अडतं ते अंगठ्यावर. ज्येष्ठांच्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात, मशीन घेतच नाही. आधार आणि पॅनवरचं स्पेलिंगही आधीच ताडून पाहा.

मसुद्यात लॉक-इन (करार मोडता येत नाही तो काळ), नोटिशीची मुदत आणि डिपॉझिटमधून रंगकामाची कपात नीट वाचा. छापील नमुन्यात ही कलमं बहुधा मालकाच्या बाजूची असतात. भाडेकरूची पोलिसांकडे माहिती देणं या पॅकेजमध्ये आहे का, तेही विचारा. आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, हे भाडेकरूंनी ठामपणे सांगावं.