बिलावर टीकवुड, कपाटाखाली पीठ

साताऱ्यात घराचं फर्निचर करून घेताना प्लायवूड नको, सगळं सागातच करायचं असं आमचं ठरलं होतं. स्वयंपाकघरातली शटरं, जेवणाचं टेबल, एक मोठं कपाट आणि सासूबाईंच्या खोलीतला पलंग. वखार हायवेला लागून, तिच्या मागेच सुतारकामाचा कारखाना. म्हणजे लाकूड त्यांचं, काम त्यांचं आणि पॉलिशही त्यांचंच. भाव ठरला घनफुटाला साडेचार हजार, "प्युअर सीपी, नुसता गाभा" (म्हणजे खोडाच्या आतलं पक्कं लाकूड) असं सांगून. वखारीचं नाव इथे लिहीत नाही, लाकडातल्या फसवणुकीची तक्रार चालू आहे. पण याच कारखान्यात आमच्या ओळखीतल्या आणखी दोन घरांची कामं झाली आहेत आणि त्यांच्याकडे अजून काही दिसलेलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सीपी म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा साग, आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातला. आलापल्लीचं जंगल आणि बल्लारशाचा डेपो ही त्यातली मानाची नावं. वखारीत शिरताना डाव्या हाताला एक भला मोठा ओंडका ठेवलाय, त्याच्या तोंडावर हातोड्याचा ठसा. मालकांनी त्यावर थाप मारून सांगितलं, "ताई, अयोध्येच्या दारांना गेलं ना, ते ह्याच पट्ट्यातलं लाकूड." २०२३ साली बल्लारशाहून अयोध्येला साग गेला हे खरंच आहे. फक्त त्या ओंडक्याचा आमच्या कपाटाशी काडीचा संबंध नव्हता. तो ओंडका आजही तिथेच आहे, गिऱ्हाईक आलं की थाप खातो.

नमुना म्हणून फूटभर तुकडा रंधा मारून दिला. सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट, नाकाशी नेला की जुन्या चामड्याचा वास. तो अस्सल होता. या धंद्यात नमुना खोटा देतच नाहीत, त्याची गरजही नसते. जे काही होतं ते नमुना पास झाल्यापासून तयार माल टेम्पोत चढेपर्यंत होतं. त्या काळात कारखान्यात आम्हाला बोलावलं ते पॉलिशची शेड पसंत करायला. "सागाला डार्कच शोभतो," हा सल्ला त्यांचा. आम्ही वॉलनट शेड निवडली आणि शेडकार्डावर सही केली.

फर्निचर देखणं आलं, खोटं कशाला बोलू. पाहुणे हात फिरवून जायचे. पावसाळा उलटल्यावर दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या पायाशी पीठ सापडलं, चाळलेल्या मैद्यासारखं. झाडून काढलं तरी पुन्हा पडायचं. खाली वाकून बघितलं तर चौकटीच्या खालच्या पट्टीला मिलिमीटर-दीड मिलिमीटरची गोल भोकं. वखारीत फोन केला. "पावसाळी किडा आहे मॅडम, डांबराच्या गोळ्या टाका आत." पुढच्या फोनला, "तुमच्या घरात ओल आहे."

माहेरी वर्षानुवर्षं काम करणारे एक सुतारमामा आहेत, त्यांना बोलावून आणलं. त्यांनी ड्रॉवर ओढून काढला, उलटा केला आणि फुटक्या काचेच्या धारेने आतली कड खरवडायला घेतली. आधी चकचकीत मेलामाइन पॉलिशचा पापुद्रा निघाला, मग चॉकलेटी भुकटी, मग काही ठिकाणी पिवडी (पिवळा रंग) घातलेली लांबी, म्हणजे पुट्टी, आणि त्याखाली फिकट पांढरट लाकूड. चार इंची पट्टीत गाभा जेमतेम निम्मा. "ताई, हा किडा गाभ्याला तोंड लावत नाही. ही सगळी पांढरी कड आहे, रंगाखाली झाकलेली." मग कपाटाच्या आतली एक आडवी पट्टी सोडवून तिचं टोक त्यांनी पटाशीने साफ कापलं, बोटाने पाणी लावलं आणि माझ्यासमोर धरलं. शेजारी आमचा तो नमुन्याचा तुकडा. नमुन्याच्या टोकाला वर्षाची वलयं स्वच्छ दिसत होती आणि प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग. पट्टीच्या टोकाला छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली, वलयांचा पत्ताच नाही. "आणि हा तर सागच नव्हे," मामा म्हणाले.

किड्याबद्दल थोडं सांगते, कारण वखारवाल्याचा बचाव इथेच कोसळतो. सागाच्या गाभ्यात झाडाने साठवलेली द्रव्यं असतात, त्यांच्यामुळे वाळवी आणि किडे त्याच्या वाटेला जात नाहीत. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात ती नसतात, उलट पिष्ट असतं, आणि भुकटी पाडणाऱ्या या भुंग्याच्या अळीला तेच हवं असतं. मादी अंडी घालते ती लाकडाच्या उघड्या छिद्रांत. पॉलिशने छिद्रं बंद झाली की तिथे तिला अंडी घालता येत नाहीत. अळी आत महिनोन्‌महिने खात राहते, वर काही दिसत नाही. भुंगा होऊन बाहेर पडताना तो भोक पाडतो, तेव्हा कुठे आपल्याला कळतं. म्हणजे आमच्या कपाटातली अंडी आमच्या घरातल्या ओलीने आली नव्हती, वखारीतूनच आली होती. (डांबराच्या गोळ्यांनी कपड्यांना वास लागला, बाकी काही झालं नाही.)

वखारीत गेलो तेव्हा मालक शांत होते. "मॅडम, साग तो साग. बिल बघा." बिलावर 'टीकवुड साइज' एवढंच होतं. सीपी नाही, गाभा नाही. त्यांचं म्हणणं असं की पट्ट्या घानाच्या सागाच्या आहेत आणि तोही टेक्टोना ग्रँडिसच (सागाचं शास्त्रीय नाव). मामांनी दाखवलेली ती सागच नसलेली पट्टी सोडली, तर घानाचा सागही सागच, हे शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे, आणि म्हणूनच ही फसवणूक पकडायला अवघड आहे. म्यानमारने (पूर्वीच्या बर्माने) १ एप्रिल २०१४ पासून अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्यामुळे बर्मा टीकच्या नावाने काय विकलं जातं हाही एक वेगळा विषय. आज घाना, आयव्हरी कोस्ट, इक्वेडोर अशा देशांतला लागवडीचा साग कांडल्यासारख्या बंदरांत उतरतो आणि गांधीधामच्या सॉ मिलमधून देशभर जातो. ही झाडं बहुधा लहान वयात तोडलेली असतात. घेर कमी, म्हणून गाभा कमी आणि पांढरी कड जास्त. तो माल त्याच्या भावात, त्याचं नाव सांगून विकला तर माझी काही तक्रार नाही. आमच्या शेजाऱ्यांनी दाराच्या चौकटी त्याच्याच केल्यात, छान आहेत. पण आमच्या भावाच्या निम्म्याहून कमी पैशात तो दुसऱ्या वखारीत मिळत होता. शिवाय 'आफ्रिकन टीक' म्हणून कधी कधी इरोको विकतात, तो तर सागच नाही, वेगळंच झाड.

मापातही हात मारला होता. कापीव लाकडाचा हिशोब सोपा असतो: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४, की झाले घनफूट. सात फूट लांब, चार इंच रुंद, दीड इंच जाड पट्टी म्हणजे ४२ भागिले १४४, ०.२९ घनफूट. हीच पट्टी मुळात सव्वा इंचाची कापलेली असली तर ३५ भागिले १४४, ०.२४. दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा, फरक डोळ्याला कळत नाही, पण सहाव्या भागाचे पैसे हवेत जातात. विचारलं तर "रंध्यात गेलं" हे उत्तर तयार असतं. रंध्यात थोडं जातंच, म्हणून माप रंधा मारण्याआधी, आपल्यासमोर, आपल्या टेपने घ्यायचं.

कुणी आत्ता सागाचं काम देत असाल तर फर्निचर पूर्ण जोडून झालं पण रंगाचा हातही लागलेला नाही, अशा दिवशी कारखान्यात जा. शेड पसंत करायला बोलावतील त्याच्या आधी. ड्रॉवरच्या मागे, शटरच्या आतून, पलंगाच्या पाट्यांखालून बघा, कारण पांढरी कड नेहमी भिंतीकडे तोंड करून बसवतात. फोटो काढा. कापलेली टोकं बघा, साधं भिंग पुरतं. ओलाव्याचं मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतं. आमच्याकडे देशावर घरातल्या फर्निचरला आकडा बारा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली हवा. "आधी एक हात सीलर मारून ठेवलाय, लाकूड खराब होऊ नये म्हणून" असं (सीलर म्हणजे पॉलिशआधीचा थर) कुणी म्हणालं तर पुढचा हप्ता थांबवा. बिलावर लाकडाची जात, मूळ ठिकाण आणि 'फक्त गाभा, पांढरा भाग नाही' हे शब्द लिहून घ्या. सीपी म्हणून विकणाऱ्याकडे वनखात्याच्या किंवा वनविकास महामंडळाच्या डेपोतल्या लिलावाचे, नाहीतर तिथून आणलेल्या मालाचे कागद असायला हवेत. ते मागितल्यावर चेहरा कसा होतो तेही बघा. आणि बजेट तुटपुंजं असेल तर रंगवलेल्या सागापेक्षा उघडउघड शिवण घेतलेली काय वाईट? हलकी असते, फारशी वाकत नाही, ड्रॉवरला तर उत्तम. कोकणात फणसाचे देव्हारे पिढ्यान्‌पिढ्या टिकलेत.

आमच्या मामांनी कपाटाच्या पट्ट्या कोऱ्या होईस्तोवर खरवडून बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी पाजलं. पॉलिशवरून मारून उपयोग नसतो, ते आत जिरतच नाही. जे फारच पोखरलं होतं ते बदललं.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात केली आहे. मालाची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि २०१९ च्या कायद्यानुसार आयोग मालाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. लाकूड ओळखून देण्याचं काम देहरादूनची वन संशोधन संस्था आणि बेंगळुरूची काष्ठ विज्ञान संस्था करतात, त्यामुळे काढलेल्या पट्ट्या फेकू नका, तारीख लिहून जपून ठेवा. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर १९१५ वर फोन करा. वखारवाल्यांचा लेखी जबाब आलाय. त्यात लाकडाबद्दल एक वाक्य आहे आणि उरलेलं पानभर एवढंच, की फर्निचरची शेड तक्रारदार बाईंनी स्वतः पसंत करून सही केली होती. पुरावा म्हणून शेडकार्डाची झेरॉक्स जोडली आहे.